आरशाच्या मागच्या बाजूला बसलेल्या रुग्णांच्या वतीने

प्रति,
राज्यातील आरोग्य विद्यापीठे, वैद्यकीय व फिजिओथेरपी महाविद्यालये यांचे संशोधन विभाग आणि त्यांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सदस्य

विषय : औषधाविना होणाऱ्या उपचारांच्या चाचण्या रुग्णांना साध्या मराठीत समजावून सांगणे व त्यांचे निकाल कळवणे याबाबत

स. न. वि. वि.

एका फिजिओथेरपी कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या बाबतीत जे घडलं ते त्या एकाच गेटच्या आत घडत असेल असं मला वाटत नाही. गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी रुग्णांच्या संमतिपत्राच्या चाळीस प्रती काढायला आली. दोन पानं, मराठीत. कागद काचेवर ठेवताना पहिल्या ओळीवर नजर गेली आणि हात थांबला. शीर्षक सोडलं तर शब्दन् शब्द तेच संमतिपत्र होतं, ज्यावर तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी सही केली होती. तेव्हाच्या चुकासुद्धा जशाच्या तशा. मी प्रती काढून दिल्या, पैसे घेतले आणि दुकान बंद केल्यावर हे पत्र लिहायला बसले.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी, अडुसष्टाव्या वर्षी, एका पहाटे त्यांची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, पाय पुष्कळसा परत आला, हात मात्र नाही. डावाच हात ना, असं लोक म्हणायचे. पण पायजम्याची नाडी बांधायला दोन हात लागतात. शर्टाचं बटण, भाकरीचा तुकडा मोडणं, मोबाईल धरून नंबर दाबणं, सगळ्याला लागतात. तीन महिन्यांनी ओपीडीतल्या एका मुलीने विचारलं, आमच्या अभ्यासात भाग घ्याल का, सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. अण्णा लगेच हो म्हणाले. आपल्या हाताने दुसऱ्या कुणाचा हात सुधारला तर बरंच की, असं ते रिक्षात मला म्हणाले.

उपचार आरशाचा होता. टेबलावर छातीसमोर मधोमध आरसा उभा करायचा. लुळा हात आरशामागे, चांगला हात पुढे. चांगला हात हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे डोळ्यांना वाटतं की लुळाच हात हलतोय. कॅलिफोर्नियात व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांच्या वेदनेसाठी ही युक्ती वापरली होती. पुढे १९९९ मध्ये त्यांच्या गटाने पक्षाघाताच्या ९ रुग्णांवर ती करून पाहिली आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. हे मला आता माहीत आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर दुकान बंद केल्यावर मी हेच वाचते आहे, आणि इंग्रजी अडलं की शेजारच्या मेडिकलवाल्या दादांना विचारते.

अण्णांनी पाकीट उचललं, त्यात ‘ब’ निघाला. ‘ब’ म्हणजे त्यांच्याकडे आरशाची काच नव्हती, पाठ होती. तपकिरी प्लायवूड. तेच टेबल, तेच व्यायाम, तेवढाच अर्धा तास, पण समोर फळी. एकदा बाहेर पडताना दुसऱ्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतला माणूस आरशात बघून ओरडला, ‘अहो, हलतोय की!’ अण्णा दारातच उभे राहिले. त्या दिवशी रिक्षात त्यांनी मला विचारलं, ‘माझ्याच आरशाला काच का नव्हती गं? माझं काही चुकलं का?’

या प्रश्नाचं उत्तर चार वाक्यांत देता येतं. माझ्यासारखी बारावी झालेली बाई ते देऊ शकते. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हात थोडाफार आपोआपच सुधारतो. शिवाय कुणी रोज अर्धा तास प्रेमाने व्यायाम करून घेतला तर त्यानेही फरक पडतो. मग सुधारणा आरशामुळे झाली, वेळेमुळे झाली की त्या मुलीच्या कष्टामुळे, हे ओळखायचं तर निम्म्या लोकांना बाकी सगळं तसंच देऊन फक्त प्रतिबिंब काढून घ्यावं लागतं. अण्णा त्या निम्म्यात होते, आणि ते तिथे बसले नसते तर आरशाबद्दल काहीच सिद्ध झालं नसतं. एवढं कुणी म्हटलं असतं तर फळीसमोर बसलेला माणूस छाती पुढे काढून बसला असता. कुणी म्हटलं नाही. सहा आठवडे ते आपण कुठे कमी पडलो याचा विचार करत बसले.

माझी पहिली तक्रार ही आहे, आणि ती संमतिपत्रापासून सुरू होते. मी दिवसभर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदी टाइप करते. अवघड मराठीला मी घाबरत नाही. पण तुमच्या कागदावरची मराठी अवघड नाही, ती चुकीची आहे. ‘मी, खाली सही करणारा विषय’ असं त्यात लिहिलंय. अण्णा विषय नव्हेत, माणूस आहेत. ‘आपणांस यादृच्छिक पद्धतीने हस्तक्षेप गटात अथवा नियंत्रण गटात समाविष्ट केले जाईल.’ आमच्याकडे हस्तक्षेप जमिनीच्या वादात होतो आणि नियंत्रण रेशनच्या दुकानावर असतं. इथे चिठ्ठी हा शब्द वापरायला काय हरकत होती? ‘तुम्ही पाकीट उचलाल, त्यात जो गट निघेल तो तुमचा. निवड डॉक्टरही करणार नाहीत आणि तुम्हीही नाही. डॉक्टरांनी निवडलं तर नकळत जरा बऱ्या रुग्णांनाच आरसा दिला जाईल आणि मग आरसा खोटाच गुणी ठरेल.’ हे वाचून कोण गोंधळेल?

आणि पुढे ही ओळ : ‘मूल्यमापक अंध असेल.’ हाताचे गुण मोजायला ज्या मॅडम यायच्या, त्या आल्या की अण्णा खुर्ची सरकवून वाट मोकळी करायचे. तिसऱ्या वेळी त्यांनी हळूच मला विचारलं, ‘त्या मॅडमना दिसत नाही का गं?’ तुम्हाला म्हणायचं होतं की मोजणाऱ्या व्यक्तीला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसेल. औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि खोटी गोळी सारखीच दिसते, म्हणून रुग्णालाही अंधारात ठेवता येतं. आरसा, व्यायाम, योगासनं, समुपदेशन यांत ते जमत नाही, समोर काय आहे ते रुग्णाला दिसतंच. म्हणून निदान मोजणाऱ्याने तरी निःपक्षपाती राहावं यासाठी त्याच्यापासून गट लपवतात. मला ही रीत पटते, चांगली रीत आहे. पण अण्णांना एवढंच सांगितलं गेलं की ‘मॅडमना तुमचा गट सांगायचा नाही हं.’ त्यांना वाटलं, ‘ब’ गट म्हणजे काहीतरी लाजेची गोष्ट असावी.

दुसरी तक्रार धोक्याच्या रकान्याची. त्यात एकच शब्द होता : ‘नाही’. नव्या पत्रातही तोच आहे, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर ‘औषध नाही, म्हणून दुष्परिणाम नाही’ असं मोठ्या अक्षरात. हे खरं नाही आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २,१०४ रुग्ण. पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत उठवून, जास्त वेळा आणि जास्त वेळ हालचाल करवली तर रुग्ण लवकर सावरेल असा अंदाज होता, आणि तो कुणालाही पटेल असा होता. तीन महिन्यांनी पाहिलं तर लवकर आणि जास्त हालचाल करवलेल्यांत १०० पैकी ४६ जणांची स्थिती चांगली होती, आणि नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत १०० पैकी ५० जणांची. म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या हालचालीनेही थोडं नुकसान झालं. गोळी नव्हती, सुई नव्हती, तरीही. म्हणूनच तर चाचण्या करायच्या असतात. मग रुग्णाला ‘धोका नाही’ असं लिहून देणं म्हणजे चाचणी करायच्या आधीच निकाल लावून टाकणं झालं.

औषधांच्या चाचण्यांवर निदान कायद्याची नजर आहे. २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आहेत, त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे, औषध नियंत्रकांची परवानगी लागते. आरशाला ती लागत नाही. व्यायामाला लागत नाही. तिथे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती पाळली जातात की नाही हे बघायला फक्त तुमची कमिटी. रुग्णासाठी तुमच्यापलीकडे दुसरं दार नाही, म्हणून मी तुमच्याच दारात उभी आहे.

रिक्षाचा खर्च रोजचा आमचाच होता. त्याबद्दल मी एवढंच म्हणते, पुढे बोलत नाही.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ती. अण्णांची सहा आठवड्यांची मुदत संपली, त्या मुलीने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि संपलं. निकाल काय लागला ते कुणी कळवलं नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नेहमीप्रमाणे प्रबंधांचे गठ्ठे बाइंडिंगला आले, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. गिऱ्हाइकाचे कागद वाचायचे नाहीत हा माझा नियम आहे आणि तो मी वीस वर्षं पाळला. त्या दिवशी मोडला. शीर्षकात आरशाचा शब्द दिसला, मी शेवटचं परिशिष्ट उघडलं. मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता. नावं नव्हती, नुसते नंबर. एका ओळीत होतं : पुरुष, ६८, डावी बाजू, गट ‘ब’. पुढे दोन आकडे, २३ आणि ३५. दुसरा कुणी त्याच वयाचा असूही शकेल. मला वाटत नाही. मी पान मिटलं, पाच प्रती शिवल्या आणि देऊन टाकल्या. माझ्या बापाचा हात माझ्याच दुकानात शिवला गेला आणि त्यात काय लिहिलंय हे मला वाचता येत नव्हतं.

नंतर मी रीतसर विचारायला गेले. प्रबंध इंग्रजीत आहे, लायब्ररीत आहे, बाहेरच्यांना परवानगी लागते, असं उत्तर मिळालं. लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही.

ते आकडे ६६ पैकी असतात हे पुढे वाचताना कळलं. हातासाठीची ती मोजपट्टी जगभर वापरतात. अण्णांना मी हे सगळं परवा रात्री सांगितलं, इतके दिवस धीर होत नव्हता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘६६ पैकी ३५. म्हणजे पास झालो. पण काचवाल्यांना किती पडले?’ बघा, शास्त्रज्ञाने विचारावा तोच प्रश्न माझ्या सातवी शिकलेल्या वडिलांनी विचारला. २३ चे ३५ झाले याला एकट्याला काही अर्थ नाही, दुसऱ्या गटाचे किती वाढले ते कळल्याशिवाय. तेवढंच आम्हाला हवंय. आरशाचा गट पुढे गेला असेल तर आम्ही उद्या सुताराकडून आरसा बसवून घेऊ. दोन्ही सारखेच निघाले असतील तर ते कळूनही आम्हाला समाधान वाटेल.

‘काहीच फरक पडला नाही’ हा निकालसुद्धा माणसाला फार मोलाचा असतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. अण्णांच्या हातासाठी मी घरी जे करायला हवं होतं ते केलं नाही, दुकानामुळे वेळ दिला नाही, अशी टोचणी मला दोन वर्षं होती. नातेवाइकांनीही ती बोलून दाखवली. मग मला कळलं की आपल्याच देशात, १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर हेच तपासून झालंय. एका गटात घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी करवून घेतले, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्हीकडे १०० पैकी ४७. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. याचा अर्थ व्यायाम करू नका असा नाही. पण घरच्यांना शिकवल्याने जो फरक पडेल असं वाटलं होतं तो पडला नाही. हे ज्या रात्री मला कळलं त्या रात्री मी किती दिवसांनी शांत झोपले. ही चार वाक्यं मराठीत वॉर्डाच्या भिंतीवर लावली तर किती मुलींच्या, सुनांच्या, बायकांच्या मनावरचं ओझं उतरेल, याचा विचार करा.

साध्या भाषेत सांगणं जमत नाही, असं कुणी म्हणू नये. आमच्या शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली. ती मी दुकानात आलेल्या एका बाईला अशी सांगितली : ‘मन उदास असलेली ४९५ माणसं घेतली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याबरोबर गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ वेळा भेटून धीर दिला आणि सोडून दिलेली रोजची कामं पुन्हा सुरू करायला लावली. तीन महिन्यांनी अशा भेटी झालेल्यांत १०० पैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांत ३९.’ तिला कळलं. तिने लगेच विचारलं, आपल्याकडे असं कुठे मिळतं? तिला आकडे समजले, तुलना समजली आणि पुढचा प्रश्नही सुचला. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आरशाच्याच बाबतीत २०१८ मध्ये जगभरच्या ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. सगळे मिळून १,९८२ रुग्ण, म्हणजे एका अभ्यासात सरासरी ३२ माणसं. आरशाने हालचालीत आणि रोजच्या कामांत सुधारणा होते असं त्यातून दिसलं, पुरावा मध्यम दर्जाचा. बत्तीस-बत्तीस माणसांच्या लहान लहान अभ्यासांतूनच हे ज्ञान उभं राहिलं. त्यांतला प्रत्येक जण कुठे ना कुठे रोज रिक्षाने जात होता आणि निम्म्याच्या आसपास लोक काच नसलेल्या बाजूला बसले होते. तुमच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध लहान असतो म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. तुम्हीही त्यातल्या माणसांना कमी लेखू नका.

माझ्या मागण्या अशा.

संमतिपत्र मराठीतच विचार करून लिहा, इंग्रजीवरून यंत्राने उतरवू नका. मंजुरीआधी ते कॉलेजबाहेरच्या दोन माणसांकडून, रुग्णांच्या नात्यातल्या असल्या तर उत्तम, वाचून घ्या आणि काय कळलं ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. चिठ्ठी का, दुसरा गट कशाला, मोजणाऱ्याला गट का सांगायचा नाही, हे तीन प्रश्न त्यात उत्तरांसह असलेच पाहिजेत.

धोक्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहिणं बंद करा. दुखणं, थकवा, पडण्याची भीती, निराशा, वाया जाणारा वेळ, जे असेल ते लिहा.

ज्यांना तुलनेसाठी दुसऱ्या गटात ठेवलं, त्यांना अभ्यास संपल्यावर खरा उपचार द्या, तो अपायकारक ठरला नसेल तर. १९९९ च्या त्या पहिल्या ९ रुग्णांत काहींना आधी आरशाऐवजी पारदर्शक प्लास्टिक दिलं होतं, पण चार आठवड्यांनी अदलाबदल करून आरसा सगळ्यांना मिळाला. पहिल्याच अभ्यासात हे जमलं होतं. आपल्याकडे आरसा तर तिथेच असतो, फक्त फिरवायचा असतो.

आणि निकाल कळवा. माणसांवरच्या संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकीच्या आंतरराष्ट्रीय घोषणेत, जी १९६४ पासून तुमच्या सगळ्या कमिट्यांचा पाया आहे, सहभागी व्यक्तींना निकाल कळवून घेण्याचा पर्याय द्यावा असं स्पष्ट लिहिलंय. युरोपात औषधांच्या चाचण्यांसाठी तर ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने सामान्य माणसाला कळेल असा सारांश एका वर्षाच्या आत देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती नोंद इंग्रजीत आहे, अण्णांसाठी ती नसल्यासारखीच. प्रबंध मंजूर करताना त्यासोबत एक पान मराठी सारांश जोडल्याशिवाय सही करू नका, आणि ते पान प्रत्येक सहभागी रुग्णाला टपालाने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवा. फायदा झाला, झाला नाही किंवा नुकसान झालं, जे असेल ते.

विद्यार्थ्यांवर माझा राग नाही. अण्णांचा हात धरणारी ती मुलगी फार जीव लावून काम करायची, आणि तिच्या गाईडने तिला कधी ‘निकाल रुग्णांना सांगून ये’ असं म्हटलं असतं तर ती आनंदाने आली असती. असा एक पानाचा सारांश लिहायचा असेल तर कच्चा मजकूर माझ्याकडे पाठवा. मराठी नीट करून, मोठ्या अक्षरात टाइप करून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

अण्णा हल्ली रोज दुपारी चार वाजता दुकानात येऊन बसतात. नाडी स्वतः बांधतात, डाव्या हाताने एक टोक धरता येतं. तुमच्यापैकी कुणाला गेटमधून रस्ता ओलांडून येता आलं, तर काचवाल्यांना किती पडले ते त्यांनाच सांगा.

आपली,
सहभागी क्रमांकापलीकडे ओळख नसलेल्या एका रुग्णाची मुलगी